हेन्रीचा जबाब

“मागे घे जरा. मला ते पुन्हा बघायचंय.”

भाच्याने रिमोट उचलला. रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते. शिकागोच्या उपनगरातलं त्याचं घर, बाहेर ऑक्टोबरची थंडी, आणि आम्ही दोघं सोफ्यावर गोधडी पांघरून ‘हेन्री: पोर्ट्रेट ऑफ अ सिरियल किलर’ बघत बसलो होतो. असलं काही रात्री बघायचं नाही म्हणून सून केव्हाच झोपायला गेली होती.

मी मागे घ्यायला लावलं ती जागा अशी आहे. स्वयंपाकघरातलं टेबल. हेन्री आणि बेकी पत्ते खेळतायत. हेन्री ज्याच्या घरी राहतो त्या ओटिसची ही बहीण, नवऱ्याला सोडून भावाकडे आलेली. हेन्रीने स्वतःच्या आईला बेसबॉलच्या बॅटने मारलं, असं भावाने तिला सांगून ठेवलंय. ती विषय काढते. हेन्री म्हणतो, भोसकलं. मग आई लहानपणी आपल्याशी कशी वागायची ते एकसुरी आवाजात सांगत राहतो, आणि त्या भरात म्हणून जातो की मी तिला गोळी घातली. बेकी म्हणते, “भोसकलं म्हणालास ना?” तो म्हणतो, “हो, बरोबर. भोसकलं.”

मी एकतीस वर्षं कोर्टात लघुलेखक होते. हे “हो, बरोबर” मी किती वेळा उतरवून घेतलंय ते मोजता येणार नाही. साक्षीदार अडखळतो, विचारणारा त्याच्या तोंडात शब्द घालतो, समोरचे वकील “सूचक प्रश्न आहे, हरकत” म्हणून उठतात, आणि कधी कधी कोणीच उठत नाही. आपल्याकडे साक्ष बहुतेक वेळा सलग कथनासारखी नोंदवतात. प्रश्न कागदावर येत नाही. कागदावर येतं ते एवढंच: “मी त्यास चाकूने भोसकले.” दहा वर्षांनी अपिलात तो कागद वाचणाऱ्याला कळायला मार्ग नसतो की भोसकले हा शब्द आधी कोणाच्या तोंडून आला. मला मात्र माहीत असायचं, कारण वहीवर पेन्सिल माझी चालत असायची. नोकरीच्या पहिल्या वर्षी यावरून एकदा मी रात्रभर झोपले नव्हते. मग सवय झाली, आणि सवय झाली याचंही वाईट वाटलं.

म्हणून त्या टेबलाशी मी थांबले. या सिनेमाबद्दल गेली पस्तीस वर्षं लोक भांडतायत, बहुतेक भांडण रक्ताबद्दल आहे, आणि माझ्या मते सिनेमाचा जीव या तीन वाक्यांत आहे.

आधी तो कसा तयार झाला ते सांगते, कारण त्याचं भलंबुरं सगळं त्यातून आलंय. जॉन मॅकनॉटन हा शिकागोचाच माणूस. वालीद आणि मलिक अली हे दोन भाऊ तिथे व्हिडिओ कॅसेटींचा धंदा करायचे. मॅकनॉटनने त्यांच्यासाठी जुन्या गुंडांवर एक माहितीपट केला होता आणि आता कुस्तीवर करायचा होता. कुस्तीचं जुनं चित्रण ज्याच्याकडे होतं त्याने ऐनवेळी किंमत वाढवली आणि तो बेत मोडला. भावांकडे लाखभर डॉलर होते. ते म्हणाले, एक भयपट करून दे. काय करावं या विचारात असताना मॅकनॉटनला त्याच इमारतीत एका मित्राने टीव्हीवरच्या बातमीपत्राची टेप दाखवली. त्यात हेन्री ली लुकास नावाचा एकडोळा माणूस शांतपणे सांगत होता की आपण शेकडो खून केलेत.

तिथून पुढे सगळं काटकसरीत. लेखनाला रिचर्ड फायर, शिकागोच्या ऑरगॅनिक थिएटरचा माणूस. ओटिस झालेला टॉम टाउल्स आणि बेकी झालेली ट्रेसी अरनॉल्ड त्याच नाटकमंडळीतले. १६ मिलिमीटरवर, १९८५ साली, अठ्ठावीस दिवसांत चित्रण. हेन्री झालेला मायकल रूकर तेव्हा झाडलोटीचं काम करायचा आणि त्याच कपड्यांत निवड चाचणीला आला. तेच जाकीट सिनेमात आहे. एकच होतं, म्हणून खुनाच्या प्रसंगाआधी तो ते काढून ठेवायचा. रक्ताचे डाग पडले असते तर दुसरं आणायला पैसे नव्हते. बघताना हे मला माहीत नव्हतं. जाकीट काढून ठेवणारा तो माणूस बघून मला आमच्याकडचे कामाला बसायच्या आधी शर्ट खुंटीला लावणारे कामकरी आठवले होते. इतकं ते रोजच्या कामासारखं दिसतं.

सप्टेंबर १९८६ मध्ये शिकागोच्या चित्रपट महोत्सवात तो दाखवला गेला आणि नंतर तीनेक वर्षं जवळजवळ डब्यात पडून राहिला. अमेरिकेत सिनेमाला वयाप्रमाणे प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळाने त्याला ‘एक्स’ दिलं. ‘एक्स’ म्हणजे अश्लील सिनेमांच्या रांगेत बसणं. वर्तमानपत्रं जाहिरात घेत नाहीत, थिएटरं हात लावत नाहीत. निर्मात्यांनी विचारलं, काय कापू? उत्तर मिळालं की कापून उपयोग नाही, सिनेमाचा एकूण नैतिक सूरच अस्वस्थ करणारा आहे. मला हे उत्तर फार प्रामाणिक वाटतं. मंडळाच्या लोकांना नेमकं कळलं होतं. त्याच काळात ज्या भयपटांत पोरीसोरींची खांडोळी व्हायची त्यांना दोन फ्रेम कापून सुखाने प्रमाणपत्र मिळत होतं, कारण तिथे शेवटी कोणीतरी वाचतं आणि राक्षस पडतो. इथे पोलीस नाहीत, तपास नाही, पकडणं नाही. शेवटी रस्त्याच्या कडेला एक सुटकेस ठेवली जाते आणि गाडी निघून जाते.

मग तो चोरवाटेने पसरला. कॅसेटी समीक्षकांच्या हाती गेल्या, शिकागोच्या म्युझिक बॉक्स थिएटरात मध्यरात्रीचे खेळ झाले. (दुसऱ्या दिवशी भाच्याने मला तिथे नेलं. १९२९ सालचं थिएटर, छतावर ढग आणि लुकलुकणाऱ्या चांदण्या. या छताखाली लोकांनी हेन्री बघितला हे मनात बसेना.) १९८९ मध्ये एरल मॉरिसने तो अमेरिकेतल्याच टेल्युराइडच्या चित्रपट महोत्सवात लावला. मॉरिस म्हणजे एका निरपराध माणसाला फाशीच्या शिक्षेपर्यंत नेणाऱ्या साक्षी कशा खोट्या होत्या हे माहितीपटातून दाखवणारा दिग्दर्शक, आणि तो माणूस त्या माहितीपटानंतर सुटला. हा सिनेमा त्याने निवडावा याचं मला नवल वाटत नाही.

टेल्युराइडला काही लोक उठून गेले, काही भांडायला थांबले. शिकागोचे नावाजलेले समीक्षक रॉजर ईबर्ट तिथे होते आणि १९९० मध्ये त्यांनी चारपैकी साडेतीन तारे दिले. त्यांचं म्हणणं असं की बहुतेक भयपट मरणाला स्वस्त करतात आणि हा तसं करत नाही. बाजूने लिहिणाऱ्यांचा सूर साधारण हाच होता: प्रामाणिक आहे, न लपवणारा आहे, खरा आहे. विरुद्ध बाजूचं म्हणणं की एवढं थंडपणे दाखवणं म्हणजे खुन्याच्या शेजारी जाऊन बसणं. १९९० साली थोड्या थिएटरांत तो लागला तेव्हा सहा लाख डॉलरच्या आसपास धंदा झाला. त्याच सप्टेंबरात ‘एक्स’ रद्द करून मोठ्यांसाठीचं नवं प्रमाणपत्र आलं, आणि ते आणावं लागलं त्यामागे ज्या मोजक्या सिनेमांवरून ओरड झाली त्यांत हा एक होता.

इंग्लंडची हकीकत मात्र मला राग आणते. ती सांगायची तर सिनेमातला सगळ्यात कठीण प्रसंग सांगावा लागेल.

हेन्री आणि ओटिस यांनी एक व्हिडिओ कॅमेरा मिळवलेला असतो. पडद्यावर एकदम त्या कॅमेऱ्याचं धुरकट, हलतं चित्र येतं. कोणाचंतरी घर, नवरा, बायको, मुलगा. पुढे काय होतं ते मी लिहिणार नाही. मीही हाताच्या बोटांतून बघितलं. आपल्याला वाटतं हे आत्ता घडतंय आणि आपण लाचार आहोत. मग चित्र मागे सरकतं आणि कळतं की हे आधीच होऊन गेलंय. ते टीव्हीवर चालू आहे, आणि हेन्री व ओटिस सोफ्यावर बसून ते बघतायत. टेप संपते. ओटिस ती मागे घेतो. हेन्री विचारतो, काय करतोयस? ओटिस म्हणतो, मला पुन्हा बघायचंय.

भाच्याने माझ्याकडे बघितलं नाही. मीही त्याच्याकडे बघितलं नाही. अर्ध्या तासापूर्वी ते वाक्य माझ्या तोंडात होतं, तसाच सोफा, तसाच रिमोट. मी ते वेगळ्या कारणासाठी म्हटलं होतं हे खरंच आहे, पण पोटात जे व्हायचं ते झालं. गोधडी बाजूला करून मी पाणी प्यायला उठले.

तर १९९३ मध्ये इंग्लंडात व्हिडिओसाठी हा प्रसंग तपासताना तिथल्या प्रमाणपत्र मंडळाच्या प्रमुखांनी, जेम्स फरमन यांनी, नुसती कात्री लावली नाही. सोफ्यावरच्या दोघांचं दृश्य उचलून प्रसंगाच्या मध्येच बसवलं. हेतू चांगला असेल, प्रेक्षकाला लवकर सुटका मिळावी असा. पण त्याने प्रसंगाचा अर्थच उलटा झाला. आपण फसलो, आपणही तेच बघत बसलो होतो, हे जे कळायचं ते कळायच्या आधीच सांगून टाकलं. हे मला जबाबातली दोन वाक्यं वरखाली करण्यासारखं वाटतं. शब्द सगळे तेच, एकही खोटा नाही, आणि अर्थ भलताच. इंग्लंडात न कापलेला, न हलवलेला सिनेमा २००३ मध्ये मिळाला.

आता खरा हेन्री.

लुकासने १९६० मध्ये मिशिगनमध्ये आपल्या आईला मारलं होतं, त्यासाठी तो तुरुंगातही गेला होता. १९८३ मध्ये टेक्ससमध्ये त्याला पुन्हा पकडलं आणि तो बोलायला लागला. शंभर, मग दोनशे, मग सहाशे खून. त्याच्यासाठी पोलिसांचं खास पथक उभं राहिलं, राज्याराज्यांतून तपास अधिकारी आपापल्या न सुटलेल्या फायली घेऊन यायला लागले. त्याला फोटो दाखवायचे, जागा दाखवायची, अंगावर काय होतं ते कळेल असं विचारायचं, आणि तो म्हणायचा, हो, बरोबर. बदल्यात सिगारेटी, फिरणं, स्ट्रॉबेरी मिल्कशेक. दोनशेहून जास्त फायली अशा मिटल्या. १९८५ च्या एप्रिलमध्ये ह्यू आयन्सवर्थ या पत्रकाराने डॅलसच्या वर्तमानपत्रात कामाच्या नोंदी, पावत्या, तारखा लावून दाखवलं की अमुक दिवशी खून टेक्ससमध्ये आणि लुकास शेकडो मैल लांब. पुढच्या वर्षी टेक्ससच्या ॲटर्नी जनरलच्या अहवालानेही तेच म्हटलं. आई, त्याच्याबरोबर फिरणारी पंधरा वर्षांची मुलगी आणि एक म्हातारी बाई, या तिघींच्या खुनांना पुराव्याचा आधार आहे. बाकी बहुतेक सगळा डोंगर बोलाचाच.

म्हणजे बघा, मॅकनॉटनने ज्या टेपवरून सिनेमा उचलला तो टेपवरचा माणूस खोटं बोलत होता. आणि सिनेमाला मिळालेली मोठी शाबासकी काय, तर हा खरा आहे.

ईबर्टना किंवा इतरांना मी नावं ठेवत नाही. त्यांना खुन्याच्या मनाची ओळख पटली असेल, आणि रूकरचं काम बघून कोणालाही पटेल. पण ‘खऱ्या घटनांवर आधारित’ म्हटलं की समीक्षकसुद्धा मान तुकवतो, हे मला खुपतं. सिनेमा स्वतः इतकं सांगत नाही. सुरुवातीलाच पाटी आहे की ही सत्यकथा समजू नये. हेन्री नावाच्या एका माणसाच्या कबुलीजबाबांवर काही भाग बेतलेला आहे आणि त्यातले बरेच त्याने पुढे मागे घेतले. आणि मग ते टेबल. बॅट, चाकू, गोळी. तीन हत्यारं, एक आई. लिहिणाऱ्यांना लुकासचं मर्म कळलं होतं. तो काय करतो यापेक्षा तो कसं सांगतो हे त्यांनी पकडलं. समोरच्याला जे ऐकायचंय ते तो देतो. बेकीला एक दुखावलेला मुलगा हवा होता, तो तिला मिळाला. टेक्ससच्या अधिकाऱ्यांना खुनी हवा होता.

आपल्याकडे पोलिसांपुढचा कबुलीजबाब १८७२ पासून आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. दंडाधिकाऱ्यापुढे नोंदवायचा तर आधी त्याला बजावावं लागतं की बोलायचं बंधन नाही, आणि बोललास तर तुझ्याविरुद्ध वापरलं जाईल. मग विचार करायला वेळ देतात. या वेळात खोलीत पोलीस नसतात. मी अशा खोलीत बसलेय. पंखा आवाज करतो, आरोपी नखं खातो, मी पेन्सिलीला टोक करते. त्या शांततेत किती जण “नाही सांगायचं” म्हणून उठून गेलेत! हा वेळ लुकासला कोणी दिला असता तर, असं त्या रात्री फार वाटलं.

मी पुण्याची, सदाशिव पेठेतली. १९७६ साली नऊ वर्षांची होते. जोशी-अभ्यंकर खून हे शब्द आम्ही पोरांनी पाढ्यांसारखे ऐकले. दिवेलागणीलाच दारं बंद व्हायची, रस्ते ओस पडायचे. बाबांनी दाराला भोक पाडून गोल भिंग बसवून घेतलं आणि मला स्टुलावर उभं करून बघायला शिकवलं. बाहेर उभी असलेली माझीच आत्या मला त्यातून वाकडीतिकडी, अनोळखी दिसली आणि मी दार उघडू दिलं नाही. खून करणारी ती चार मुलं टिळक रोडवरच्या अभिनव कला महाविद्यालयातली निघाली, तेव्हा घरातली मोठी माणसं पकडल्याच्या आनंदापेक्षा त्यानेच जास्त गप्प झाली. १९८३ च्या नोव्हेंबरात येरवड्याला त्यांना फाशी झाली. १९८६ मध्ये त्यावर राजदत्त यांचा ‘माफीचा साक्षीदार’ आला, नाना पाटेकर होते. म्हणजे ज्या वर्षी शिकागोत हेन्री पहिल्यांदा दाखवला गेला, तेच वर्ष. आत्या आली नाही. म्हणाली, आम्ही ते दिवस काढलेत, तिकीट काढून कशाला बघू?

तिचं ते बोलणं मला तेव्हा जुनाट वाटलं होतं. आता वाटतं की खऱ्या खुनांवरच्या सिनेमाचं परीक्षण लिहिताना आत्याला समोरच्या खुर्चीत बसवावं. तिला उत्तर देता आलं पाहिजे. हेन्रीचं उत्तर माझ्यापाशी थोडंफार आहे: तो खुन्याला शहाणा, देखणा, गूढ करत नाही, पुढे अशा खुन्यांचे जे वाईन पिणारे पंडित पडद्यावर आले त्यांच्यापेक्षा हा गबाळा, अडखळणारा माणूस मला जास्त पटतो. पण मेलेल्यांपाशी तोही थांबत नाही. सुरुवातीला एकामागून एक प्रेतं दिसतात, कॅमेरा हळूहळू त्यांच्याभोवती सरकतो, आणि मागून त्यांच्या शेवटच्या क्षणांचे आवाज ऐकू येतात. भयानक परिणाम होतो. तरी ती माणसं कोण, हे सिनेमा विचारत नाही. इथे आत्या उठून गेली असती आणि मी तिला थांबवलं नसतं.

सिनेमा संपल्यावर भाचा म्हणाला, “मावशी, तू झोप आता.” झोप येणार नव्हतीच. मी फोनवर वाचत बसले.

लुकासला फाशीची शिक्षा झाली होती ती एकाच खुनासाठी. १९७९ च्या ऑक्टोबर अखेरीस टेक्ससमध्ये जॉर्जटाउनजवळ रस्त्याकडेला एका तरुण बाईचं प्रेत सापडलं होतं. अंगावर फक्त नारिंगी मोजे. ओळख पटली नाही, म्हणून तिला सगळे ऑरेंज सॉक्स म्हणायचे. लुकास म्हणाला, मी मारलं. नोंदींप्रमाणे तो त्या सुमारास फ्लोरिडात छपरांच्या कामावर होता. १९९८ मध्ये गव्हर्नर जॉर्ज बुश यांनी शिक्षा कमी करून जन्मठेप केली; त्यांच्या कारकिर्दीत फाशीच्या बाबतीत असं त्यांनी एवढ्या एकदाच केलं. २००१ मध्ये लुकास तुरुंगात मेला. ती बाई मात्र मोज्यांच्या नावानेच राहिली. २०१९ मध्ये, चाळीस वर्षांनी, तिची ओळख पटली. टेक्ससचीच होती, तेवीस वर्षांची.

तिचं नाव मी इथे लिहीत नाही, तिच्या घरची माणसं आहेत. पण त्या रात्री भाच्याच्या स्वयंपाकघरात मी ते माझ्या वहीत लिहिलं, लघुलिपीत, दोन रेघा आणि एक ठिपका.